रंभाबाईंच्या हातची पिल्लं

माझ्या सासूबाई, रंभाबाई पौनीकर, लग्नाच्या पंगतीला बसल्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या, असं मी कधी पाहिलं नाही. पानात जिलेबी पडायच्या आत त्या उठायच्या, कोपऱ्यात ठेवलेली वेताची टोपली मांडीवर घ्यायच्या, वरचं फडकं सारायच्या, आणि सगळा मांडव पाहत असताना टोपलीतल्या लाल, उघड्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लांना भरवायला लागायच्या. नवरदेवाकडच्या बायका नाकं मुरडायच्या. सासूबाईंना त्याचं काहीच वाटायचं नाही. दोन तास झाले म्हणजे झाले, मग तिकडे मंगलाष्टकं चालू असोत नाहीतर आहेर.

आमचं घर नागपुरात, तांडापेठेत. आम्ही विणकर. माजघरात खड्ड्यावरचा माग, त्यावर नऊवारी पातळं. मी जागेश्वर, मूळ उमरेडचा, १९६९ साली या घरात घरजावई म्हणून आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून दुसऱ्या कोणी सांगितलं की मला राग येतो. सासरे रुपराव अचानक गेले, माग रिकामा पडला, घरात एकच मुलगी, माझी बायको गोपिका. मागावर बसणारा कोणीतरी हवा होता. तो मी.

आता आमच्या घरची रीत ऐका. सासूबाई माझ्याशी सरळ बोलत नसत. मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसलेलो असायचो आणि त्या म्हणायच्या, "गोपिका, जवाईले इचार, भाजीत मीठ बराबर हाये का." मीही भिंतीकडे पाहून गोपिकेला सांगायचो, "बराबर आहे म्हणावं." जावयाचं नाव घ्यायचं नाही, त्याला काम सांगायचं नाही, शिळं वाढायचं नाही. लोकांना हा मान वाटतो. मला तो पाहुणचार वाटायचा. घरच्या माणसाला कोणीतरी म्हणतं, ऊठ, पाणी भर. मला पाच वर्षांत तसं कोणी म्हटलं नव्हतं आणि त्याची सल मनात होती, हे आज कबूल करतो.

पक्षी माझ्या आधीपासूनचे. अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहणारी एक मड्डम घरदार आवरून ऑस्ट्रेलियाला निघाली. रुपराव तिच्याकडे पडद्यांचं कापड पोचवायला गेले होते. तिनं लव्हबर्डची जोडी पिंजऱ्यासकट त्यांच्या सायकलला बांधून दिली. जोडीनं पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात सहा अंडी घातली, पाच फुटली, आणि नवव्या दिवशी मादी मेली. नर मडक्याकडे फिरकेना. रंभाबाईंनी पिल्लं पदरात काढली. त्यातली चार जगली आणि चारही माणसाच्या बोटावर येऊन बसायला लागली. तेवढ्यावरून गोष्ट पसरली. सदर, धंतोली, सिव्हिल लाइन्समधली मंडळी, ज्यांना आमच्या गल्लीचं नावही माहीत नव्हतं, ती मोटारी घेऊन पत्ता विचारत यायला लागली. कोणाची मादी टाकून उडाली, कोणाच्या मडक्यात मुंग्या शिरल्या. पिल्लं आणून द्यायची आणि दीड महिन्यानं खांद्यावर बसणारा पक्षी घेऊन जायचं. विणकरीचे दिवस उतरत होते. घरात डाळ शिजायची त्यात त्या पिल्लांचा मोठा वाटा होता.

काम दिसायला सोपं होतं. मलाही वाटायचं, बसल्या जागी चमचा द्यायचा, त्यात काय. कांगणी दळायची, बाजरीच्या दाण्याहून बारीक असलेलं ते धान्य जात्यावर पार मैदा होईपर्यंत. त्याची पेज करायची, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक त्यात घोटायचा आणि मलमलीतून गाळायची. गरम झाली तर गळा पोळतो, निवली तर आत आंबते. सासूबाई ओठाला लावून पाहायच्या. भरवायला चमचा नाहीच. मागावर सूत गुंडाळायची आमची बोरूची कांडी असते, ती एका बाजूनं तिरपी छाटून त्यांनी पन्हळीसारखी केली होती. ती पिल्लाच्या चोचीला डावीकडून टेकवायची आणि थांबायचं. ओतायचं नाही. पिल्लू मान हलवून आपल्याआपण ओढतं. गळ्याखाली त्याची पिशवी असते, कातडी इतकी पातळ की आत काय गेलं ते बाहेरून दिसतं. पिशवी भरली की पुरे, रिकामी झाल्याशिवाय पुन्हा नाही. लहानांना दोन तासांनी, मोठ्यांना चार. पहाटे तारे असताना पहिली पाळी.

याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. सख्ख्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला पवनीला गेल्या नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबवलं, कारण डॉक्टरांनी आठ दिवस पडून राहायला सांगितलं होतं आणि आठ दिवस टोपली कधी रिकामी नसायची. उजव्या हाताची बोटं सकाळी वळत नसत. कोमट पाण्यात बुडवून बसायच्या आणि मग कांडी धरायच्या. तक्रार नाही. उलट ताठा. "माह्या हातचं पिल्लू मरत नाई," असं त्या गल्लीत ठणकावून सांगायच्या आणि ते खरं होतं. नऊ वर्षांत अशक्त जन्मलेली सोडली तर एकही गेलं नव्हतं. नागपुरात रंभाबाईंचं नाव होतं ते एवढ्याच शब्दावर.

तो शब्द मी मोडला.

१९७४ चा श्रावण. टोपलीत नऊ पिल्लं होती. पाच आमच्याच जोड्यांची आणि चार मधुकररावांची. मधुकरराव धंतोलीत राहणारे, रेल्वेच्या हिशोब खात्यातून निवृत्त झालेले, बायको नुकतीच वारलेली. तिनं पाळलेल्या निळ्या जोडीची ही शेवटची चार. ती त्यांनी रुमालात गुंडाळून, रिक्षात मांडीवर ठेवून आणली होती आणि देताना त्यांचा हात सुटत नव्हता.

सकाळी आठला गोपिकेच्या पोटात कळा सुरू झाल्या. सायकलरिक्षा आली. गोपिकेला बसवलं, सासूबाईंनी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळून त्या पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलल्या. "जवाईबापू, पिल्लायची पेज गंजात हाये. दोन-दोन घंट्यानं द्या. ओठाले लावून पाहा, मंगच द्या."

दहाची पाळी नीट झाली. बाराचीही झाली. पण मन दवाखान्यात. मी पेजेचा गंज चुलीवर गरम करायला ठेवला आणि दारात जाऊन रस्त्याकडे पाहत उभा राहिलो. वास आला तेव्हा पेज तळाला लागून काळी झाली होती. दोन वाजत आलेले. कांगणी दळायची, शिजवायची, गाळायची, निववायची, म्हणजे तास मोडला. पिल्लं टोपलीत माना उंचावून ओरडत होती.

शेजारच्या चुलीवर दुसरा गंज होता. खळीचा. सुताला पाजायची खळ. आम्ही विणकर ताणा मागावर चढवण्याआधी त्याला मैद्याची पातळ खळ लावतो, म्हणजे धागा तुटत नाही. तीही पीठच शिजवून, त्याच मलमलीतून गाळलेली. ओठाला लावली तर कोमट. मी म्हटलं, पीठ ते पीठ. मैदा काय आणि कांगणी काय, पोट भरल्याशी कारण. नऊच्या नऊ पिल्लांना पोटभर पाजली आणि वर स्वतःवर खूश झालो, की सासूबाईंचं तासाभराचं काम आपण निम्म्या वेळात उरकलं.

पावसाळ्यात खळीला बुरशी येते. म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, निळं आणि विषारी. आदल्या दिवशी मीच घातलं होतं, माझ्याच चिमटीनं. पण दर आठवड्याला खळ शिजवणाऱ्याला मोरचूद आठवत नाही, जसं स्वयंपाक करणारीला घातलेलं मीठ आठवत नाही.

साडेचारला पिल्लांच्या माना लवंडल्या. साडेपाचला एकही हलत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या, हातात बर्फीचा पुडा. चेहरा असा फुललेला मी त्यांचा पाहिला नव्हता. "पोरगी झाली जवाईबापू. गोपिका बरी हाये." पुडा माझ्या हातात दिला आणि सवयीनं सरळ टोपलीकडे गेल्या. एक पिल्लू तळहातावर घेऊन दारातल्या उजेडात धरलं. गळ्याची पिशवी निळसर हिरवी दिसत होती. त्यांनी खळीच्या गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पेज जळली होती," मी म्हणालो.

त्यांनी नऊही पिल्लं एकेका चिंधीत गुंडाळली, अंगणातल्या कडुलिंबाखाली माती उकरून ठेवली, हात धुतले आणि माझ्यासाठी चहा टाकला. चहा प्यायलो की नाही ते आता आठवत नाही. बर्फीचा पुडा दोन दिवस तसाच पडून होता.

तिसऱ्या दिवशी मधुकरराव आले. मी मागावर होतो. ओसरीत काय बोलणं चाललं होतं ते शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

"भाऊ, चारही गेले," सासूबाई म्हणाल्या. "माह्या हातून चूक झाली. खळ पाजल्या गेली."

मधुकरराव मग म्हणाले, "बाई, सूत आणि जीव यातला फरक तुम्हाला कळत नाही. मीच मूर्ख, तुमच्या भरवशावर राहिलो."

मी उठायला हवं होतं. माझे पाय मागाच्या खड्ड्यात होते. ते मी तसेच ठेवले. आयुष्यात मी पुष्कळ वेळा चिडलो आहे, पण त्या दिवशीइतका स्वतःवर कधीच नाही, आणि तरीही उठलो नाही.

ते गेल्यावर मात्र राहवलं नाही. गोपिका दवाखान्यातच होती, निरोप्या मधे नव्हता. मी विचारलं, "तुमी माझं नाव काहून नाई सांगतलं?"

चुलीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "घरात बाळ आलं. बारशाले दोनी कडची लोकं येतीन. तवा बापाचं तोंड वर रायलं पायजे."

बारसं थाटात झालं. माझं तोंड वर होतं. त्यांचं खाली गेलं ते मात्र अख्ख्या शहरात गेलं. मधुकररावांनी धंतोलीत सांगितलं, धंतोलीनं सिव्हिल लाइन्सला सांगितलं. मोटारी यायच्या थांबल्या. भाजीबाजारात एक बाई तोंडावर म्हणाली, "रंभाबाई, पिल्लायले इख देल्लं म्हंते तुमी?" सासूबाईंनी वांगी निवडली, पिशवीत घातली आणि घरी आल्या. कोणाच्या दारी सफाई द्यायला गेल्या नाहीत. आमच्याच जोड्यांची पिल्लं वाढवत राहिल्या. घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणून पिंजऱ्यावर पिंजरा चढत गेला.

मी काय केलं? खळीची चूल फोडली. अंगणाच्या पार टोकाला भिंतीशी नवी बांधली. पेजेच्या गंजाच्या कड्याला पातळाच्या काठातला लाल रेशमी धागा बांधला, म्हणजे मूर्खालाही ओळखू यावा. आणि दिवाळीनंतर नवी पिल्लं फुटली तेव्हा कांडी घेऊन सासूबाईंच्या बाजूला जाऊन बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी नको म्हणालं नाही.

शिकवण्याची तऱ्हा पाहा. मी भरवतोय, त्या हातभर अंतरावर बसून पाहताहेत आणि आतल्या खोलीत मुलीला निजवत असलेल्या गोपिकेला सांगताहेत. "गोपिका, जवाईले सांग, कांडी डावीकून लावा म्हना. गोपिका, सांग, वतू नका, पिल्लू ओढते त्याचं ते." गोपिका आतून ओरडायची, "ऐकून राहिले ते, आई." कधी गोपिका घरात नसली तर त्या पिल्लालाच सांगायच्या, "बापा, तुह्या मामाले म्हन, घाई करू नका." सहा महिन्यांत माझा हात बसला. वर्षभरात पहाटेची पाळी माझी झाली, त्यांना झोप मिळायला लागली आणि डोळ्याचं ऑपरेशन एकदाचं झालं.

१९७६ च्या मे महिन्यात, भर दुपारी, बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना मधुकरराव दारात उभे राहिले. हातात कापसाचा गोळा. त्यांच्या जुन्या निळ्या नराला नवी मादी आणली होती, ती उन्हानं मेली. पाच पिल्लं त्यांनी पुस्तकात वाचून स्वतः भरवायला घेतली. चार गेली. हे शेवटचं, बारा दिवसांचं. सासूबाईंच्या जागी मी असतो तर दारातच चार शब्द सुनावले असते. सासूबाईंनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. आधी पिल्लू हातात घेतलं, करंगळीनं पिशवी चाचपली आणि म्हणाल्या, "गोपिका, कोमट पानी. लौकर."

त्या उन्हात ते जगवायचं म्हणजे घरात गार जागा हवी. अशी जागा एकच, मागाचा खड्डा. पिल्लाचा डबा खड्ड्यात ठेवला, वर ओलं फडकं. अकरा दिवस मी पाय आवरून, एका अंगाला बसून विणलं. मागाची पावडी पायानं दाबली की डबा हलू नये म्हणून इतकं हळू, की एक पातळ दोन पातळांच्या वेळात उतरलं. त्या पातळाला एकही गाठ नाही. जुलैत तो निळा पक्षी मधुकररावांच्या खांद्यावर बसून त्यांचा कान कुरतडत होता.

"बाई, हात सुधारला तुमचा," ते म्हणाले.

"हो," सासूबाई म्हणाल्या. मी आतल्या आत जळत होतो. तेव्हाही बोललो नाही.

मोटारी पुन्हा सुरू झाल्या. दर वर्षी टोपली भरायची, रिकामी व्हायची. आणि १९८३ साली, थंडीत, मधुकररावांनी पक्षी पाळणाऱ्या आपल्या मंडळींची सभा भरवली, धंतोलीतल्या एका शाळेच्या सभागृहात. रंभाबाईंनी हातानं पिल्लं वाढवण्याचं काम सर्वांना करून दाखवावं, असं आग्रहाचं बोलावणं आलं. सासूबाईंनी मीच विणलेलं हिरव्या काठाचं पातळ नेसलं. मी टोपली आणि पिंजरा घेतला. गोपिका आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर. साठ-सत्तर माणसं खुर्च्यांवर होती, बरीचशी इंग्रजी बोलणारी. सासूबाई स्टेजवर सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की त्यांचा आवाज एकदाही कापला नाही.

मधुकररावांनी ओळख करून दिली. चांगलंच बोलायचं होतं त्यांना. म्हणाले, "एकदा यांच्या हातून नऊ पिल्लं गेली. माझी चार त्यात होती. दुसरी बाई खचली असती. यांनी चुकीतून धडा घेतला."

पुढच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीनं हात वर केला. "आजी, ती नऊ पिल्लं कशानं गेली?"

सासूबाईंनी नेहमीचं सांगितलं, जसं नऊ वर्षं सांगत आल्या होत्या. "माह्या हातून खळ पाजल्या गेली, पोरी. तिच्यात मोरचूद होतं."

मी भिंतीशी उभा होतो. या वेळी पाय खड्ड्यात नव्हते.

"त्यांच्या हातून नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "मी पाजली. त्या दिवशी त्या घरी नव्हत्याच. माझी बायको बाळंत होत होती, त्या दवाखान्यात होत्या. पेज मी जाळली, खळ मी पाजली, आणि मधुकरराव घरी आले तेव्हा आत बसून ऐकत मी राहिलो."

माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती, ते मला सर्वांत जड गेलं. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रंभाबाई, मी तुम्हाला नको ते बोललो. शहरभर बोललो. तुम्ही एका शब्दानं का नाही सांगितलंत?"

सासूबाईंना राग आला होता, पण मधुकररावांचा नव्हे, माझा. नऊ वर्षं झाकून ठेवलेलं मी न विचारता उघडं केलं म्हणून. त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं. मग मधुकररावांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय सांगाचं होतं, भाऊ? पोरगा घरचा हाये. घरच्याच्या हातून झालं, ते माह्याच हातून झालं. मी काही खोटं बोलली नाई."

टोपलीत पिल्लं ओरडायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत होते. सासूबाईंनी फडकं सारलं, पेजेचा गंज जवळ ओढला, लाल धागा पाहिला, पेज ओठाला लावून पाहिली. कांडी उचलली आणि भरवायच्या ऐवजी स्टेजच्या काठाशी ठेवली. गोपिका सवयीनं माझ्याकडे वळली, निरोप सांगायला. निरोप नव्हता.

"जागेश्वर," सासूबाई म्हणाल्या, सत्तर माणसांसमोर, सरळ माझ्याकडे पाहून. "हात धू गा, अन ये इकडे. पिल्लं भुकेली हायेत."

मी हात धुतले.